पाण्यातलं अँटिबायोटिक कोळसा काढेलही, पण मर्यादा कोण घालणार?

हैदराबादजवळचं पटनचेरू. इथल्या सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका शुद्धीकरण प्रकल्पात जायचं. तिथून ‘प्रक्रिया होऊन’ बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लोक्सासिन सापडलं, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवलं आहे. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं! अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जीवाणूच टिकतात आणि वाढतात.

नेहमीचे प्रकल्प कमी पडतात, कारण तिथे घाण खाण्याचं काम जीवाणूच करतात. आणि अँटिबायोटिक बनवलंय जीवाणू मारायला.

म्हणून सध्या बायोचारवर आधारित फोटोकॅटॅलिस्टची चर्चा आहे. पऱ्हाटी, भाताचा तूस असा शेतातला कचरा अगदी कमी हवेत तापवला की सच्छिद्र कोळसा मिळतो, तो बायोचार. त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड बसवतात. हो, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. त्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते औषधाचे रेणू तोडतात. अडचण अशी, की सुटलेला इलेक्ट्रॉन क्षणात जागेवर परततो. बायोचार त्याला दुसरीकडे वाहून नेतो, शिवाय औषधाचे रेणू स्वतःकडे ओढून ठेवतो. नुसता कोळसा वापरला तर औषध त्यात साठतं, नष्ट होत नाही. मग तो कोळसा टाकायचा कुठे?

इंजिनीअरिंग शिकल्यामुळे असेल, पण ‘इतके टक्के औषध काढलं’ अशा दाव्यांवर माझा पटकन विश्वास बसत नाही. बरेच प्रयोग स्वच्छ पाण्यात एकच औषध मिसळून, दिव्याखाली होतात. कारखान्याचं पाणी गढूळ असतं, प्रकाश आत शिरत नाही. त्यातले क्षार आणि इतर रसायनं रॅडिकल आधीच संपवतात. रेणूचे अर्धवट तुकडे उरले, तर तेही तपासावे लागतात. आणि ती बारीक पूड पाण्यातून परत गोळा करायची कशी? त्यासाठी काही जण तिच्यात चुंबकीय लोह मिसळतात.

तरीही हे प्रश्न सुटतील असं मला वाटतं. अडलंय ते दिल्लीत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा गायब होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक नाहीत. मोजायचीच सक्ती नसेल, तर कुठला कारखाना या कोळशावर पैसे घालेल? नवी समिती कशाला हवी? २०२० चा मसुदा बाहेर काढा आणि आकड्यांसह लागू करा.