पायाची नाडी कोण तपासणार?

मांडवगण फराटा आणि भीमाकाठच्या ऊसपट्ट्यातील गावांमध्ये चालताना पोटरीत गोळा येऊ लागला, की ‘वाताचे दुखणे’ किंवा ‘वयाचा परिणाम’ म्हणून तेल चोळले जाते. पण ठरावीक अंतर चालल्यावर दुखणे, दोन-चार मिनिटे नुसते उभे राहिल्यावर थांबणे आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर सुरू होणे, ही पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. मणक्यातील नस दबली असेल, तर बहुधा बसल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय आराम पडत नाही.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. मधुमेह आणि तंबाखू, विशेषतः विडी-सिगारेट, हे रोहिण्यांचे मोठे शत्रू. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील व्यक्तींची साखर व रक्तदाब तपासला जातो. पायातील चप्पल काढून नाडी पाहणे मात्र गर्दीत अनेकदा राहून जाते.

ही तपासणी अवघड नाही. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतील घोट्याच्या मागे नाडी चाचपायची. पाऊल थंड आहे का, बोटांच्या बेचक्यात जखम आहे का, हे पाहायचे. शंका आल्यास हातात मावणाऱ्या डॉपलर यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या दाबाने भागायचे. दंडात १४० आणि घोट्यात ९८ असेल, तर उत्तर ०.७. साधारण १ ते १.४ ठीक, ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे आजार.

इथे एक मेख आहे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या रोहिण्या चुना साचून कडक होतात. त्यामुळे आकडा खोटाच चांगला येतो. त्यांचा दाब अंगठ्यात मोजावा लागतो. शिवाय संवेदना गेल्याने दुखतही नाही. उसाच्या बुडख्याने झालेली जखम चिघळते, तेव्हाच आजार कळतो आणि कधी कधी पाय गमवावा लागतो.

पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्यांना हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही अधिक. म्हणून साखर तपासताना पायाची नाडी पाहण्याची सवय आरोग्य केंद्रांना लागायला हवी. रुग्णानेही ‘डॉक्टर, पाय बघा’ असे म्हणायला संकोचू नये. आणि पाय अचानक थंड, पांढरा व बधिर होऊन असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. तिथे पाय वाचण्याचे गणित तासांचे असते.