आधी घासा, मग बोला

रंग बिघडला की माणूस डब्याकडे बघतो. कंपनीने माल हलका केला, दुकानदाराने जुना डबा गळ्यात मारला, ब्रशचे केस गळाले, हवा दमट होती, शनी वक्री होता; एकूण एक सगळ्यांवर आरोपपत्र दाखल होते. निर्दोष सुटतो फक्त एकच इसम. ज्याने लाकूड न घासता त्यावर रंग ओतला, तो! ह्या इसमाविरुद्ध आज मला चार शब्द बोलायचे आहेत. तो एकटा नाही, त्याचा मोठा संप्रदाय आहे. मी त्याला 'एकहाती संप्रदाय' म्हणतो. ब्रीदवाक्य : 'एकच हात द्या, पण जाड द्या.'

तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी बँकेतला कारकून, शिक्षणाने बी. कॉम. रंगाशी माझा अधिकृत संबंध लाल पेन आणि निळे पेन एवढाच. परंतु गेल्या हिवाळ्यात जळगावला आमच्या गच्चीवर मी प्लायवुडचे एक कपाट स्वहस्ते तयार केले आणि ते असे रंगवले, की त्यात बघून दाढी करावी. कपाट साधे नव्हे, व्हिडिओ गेमचे. १९९० नंतरच्या दशकात ज्यांचे शाळेचे दिवस धुळ्या-जळगावात गेले त्यांना जास्त सांगायला नको. नाणे टाकायचे, उभ्याने खेळायचे आणि मागे ताटकळणाऱ्या तीन पोरांचे फुकट सल्ले ऐकायचे. १९९३ साली कॅपकॉम ह्या जपानी कंपनीने 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा खेळ काढला. एवढे मोठे नाव घ्यायला आपल्याकडे वेळ कोणाला? त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्यावरून सगळी पोरे त्याला 'मुस्तफा' म्हणू लागली. आता असला खेळ तळहाताएवढ्या संगणकात मावतो. पण त्याला उभे राहून दणादण बटणे बडवायला कपाट नको का?

गच्चीवर सांगाडा उभा राहताच अंदाज सुरू झाले. "देवघर का?" "कूलर ठेवणार काय भाऊ यात?" एका आबांनी तर "बँकेनं जुनं एटीएम घरी दिलं का?" असे विचारून माझ्या पगाराविषयी सहानुभूती व्यक्त केली. इथवर ठीक होते. पण मी घासायला लागलो आणि लोकांचा तोल सुटला. धुळ्याहून आमचे साडू आले होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. म्हणाले, "तीन दिन व्हयनात पाव्हना, आजून घासीच ऱ्हायना? एक जाड हात दे नि मोकया हुई जाय!"

हाच तो संप्रदाय. आणि इथेच त्याचे चुकते.

तेलरंग वाळतो म्हणजे दोरीवरचे धोतर वाळते तसा नव्हे. आधी त्यातले टर्पेंटाइन उडून जाते आणि मग उरलेला भाग हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतो. प्राणवायू येणार वरून. म्हणजे जाड थर दिला की वर साय धरते आणि खाली रंग ओलाच राहतो. सायीला सुरकुत्या पडतात, हे घरोघरच्या दुधाच्या पातेल्यात रोज सिद्ध होते. त्यासाठी विज्ञान शाखेत जावे लागत नाही. फळी उभी असेल तर ओघळही येतात. म्हणून रंग द्यायची बाजू आडवी ठेवायची, हात पातळ द्यायचा, एक बाजू एका दमात संपवायची आणि अर्धवट वाळलेल्या जागेवर 'इथं जरा राहिलं' म्हणून पुन्हा ब्रश न्यायचा नाही. फोमच्या रोलरवर रंग घट्ट घेतला तर बारीक बारीक खळगे उठतात. जगभरचे रंगारी त्याला संत्र्याची साल म्हणतात. नागपूरकरांनी ह्याचा अभिमान बाळगावा की राग धरावा ते त्यांनी ठरवावे. आम्हां जळगावकरांची केळ्याची साल मात्र गुळगुळीत असते, आणि आपल्याला हवी आहे तीच.

पण हे सगळे नंतरचे. खरी गोम अशी, की रंग काही झाकतच नाही. पांढरा खड्डा असतो, त्याचा काळा चकचकीत खड्डा होतो, एवढेच. रंग जितका चकाकणारा, तितका तो चहाडखोर. प्लायवुडच्या कापलेल्या कडा तर उन्हातून आलेल्या माणसासारख्या घटाघटा प्रायमर पितात आणि वर कोरड्याच्या कोरड्या. तिथे लांबी भरायची. खडूची भुकटी आणि जवसाचे तेल कालवून रंगारी करतात ती. वाळू द्यायची. मग पॉलिश पेपर १२० नंबरचा, त्यावर २२०, प्रायमर दिल्यावर ३२०. ह्या कागदाचा आकडा जितका मोठा तितका तो मऊ. बँकेतही असेच आहे. कर्जाचा आकडा जितका मोठा तितके साहेब मऊ. शेवटी रात्री गच्चीवर अंधार करून दिवा फळीच्या कडेला आडवा धरायचा. समोरून उजेड पाडला तर सगळेच देखणे दिसतात. कडेने पाडला की खरे दिसते.

त्यात आमचे खानदेश. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना शिवतो. ब्रशच्या रेघा एकमेकींत मिसळायच्या आधीच रंग धरतो. दुपारी वारा सुटला की धूळ येते. शेजारच्या जिल्ह्याचे तर नावच धुळे. पावसाळ्यात हात लावावा तिथे चिकट. राहिली दिवाळी ते महाशिवरात्र, आणि त्यातही गारठा ओसरल्यावर सकाळी दहा ते एक. पण आपण रंगवतो कधी? दिवाळीच्या आधी आठ दिवस! भिंतीत पावसाचे पाणी, डोक्यावर पाहुणे, आणि लक्ष्मीपूजनाला नव्या दाराला शेजाऱ्यांच्या नव्या शर्टाची पाठ चिकटलेली.

वाणिज्य शाखेत आम्हांला 'विंडो ड्रेसिंग' नावाचा प्रकार शिकवला होता. ३१ मार्चला ताळेबंदावर एक जाड हात द्यायचा, म्हणजे खाली काय आहे ते दिसत नाही. जुने कर्ज थकले की नवे देऊन ते फिटल्याचे दाखवायचे, हासुद्धा न घासलेल्या लाकडावर दिलेला दुसरा हातच. २००४ पासून आपल्या बँकांना नियम आहे, की हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला तर कर्ज बुडीतच्या वाटेवर आहे असे धरा. तरी हात देणारे हात देतच राहिले. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने दिवा कडेने धरला, बँकांच्या कर्जखात्यांची खास तपासणी केली, तेव्हा पोपडे धडाधड निघाले. पॉलिश पेपर आधी फिरला असता तर इतका कचरा झाला नसता.

आपल्याकडे हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. सावंतवाडीचा गंजिफा घ्या. तोही खेळच, फक्त त्यात नाणे टाकावे लागत नाही. त्याच्या गोल पानांसाठी कापडाला चिंचोक्याची खळ द्यायची, त्यावर खडूचा लेप, मग गुळगुळीत दगडाने घोटघोट घोटायचे आणि एवढे सगळे झाल्यावर चितारी कुंचला उचलणार. १९७० नंतरच्या दशकात ही कला विझायला आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले ह्यांनी ती पुन्हा उभी केली. बघणारा दशावताराचे चित्र बघतो. दगड कोणी फिरवला ते विचारत नाही.

आमच्या साडूंनीही विचारले नाही. तयार कपाटावर तळहात फिरवून ते म्हणाले, "रंग कोन्या कंपनीना शे?"

ह्या प्रश्नावर मी हसून गप्प बसलो असतो. पण सकाळी मजूर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या रंगाऱ्याचे पोट ह्याच प्रश्नाने मारले जाते. आपण भाव ठरवतो चौरस फुटाचा, मोजतो हात, आणि घासण्याचे नाव निघाले की म्हणतो, "ते त्यातच आलं ना?" त्यात आले म्हणजे त्याच्या मजुरीतून गेले. तीन दिवसांचे काम एका दिवसाच्या पैशात बसवायचे तर तो काय करील? एक हात देईल, जाड देईल आणि मोकया हुई जाईल. वर आपणच त्याला कामचोर म्हणणार.

शिवाय घासायची वेळ आलीच तर जुना रंग कोरडा खरवडायला लावतो. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नको, हा नियम आपल्याकडे झाला २०१६ साली आणि लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या दारा-खिडक्यांवर काय बसले आहे कोण जाणे, आणि ती भुकटी जाते रंगाऱ्याच्या छातीत आणि घरातल्या रांगत्या पोराच्या तोंडात. पाणी मारून घासावे, नाकातोंडाला चांगला मास्क लावावा, पोरांना लांब ठेवावे, घासलेले ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. ह्याला वेळ लागतो, आणि वेळेला पैसे पडतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. बिलात घासकाम, लांबी आणि प्रायमर ह्यांच्या तीन वेगळ्या ओळी हव्यात, आणि त्यांचे पैसे रंगाच्या आधी. रंगाऱ्याला 'हात किती देणार?' विचारण्याऐवजी 'घासायला दिवस किती?' असे विचारा. तो जो आकडा सांगेल त्यावर घासाघीस मात्र करू नका. घासायचे आहे ते लाकूड; मजुरी नव्हे.