वाघाला किती तोळ्यांची गोळी?

आमच्या घरात पुस्तकं दोन भाषांत येतात, शंका मात्र सगळ्या माझ्याकडे येतात. सून धारवाडकडची. पूर्णचंद्र तेजस्वींनी कन्नडमध्ये आणलेल्या केनेथ अँडरसनच्या शिकारकथा तिने माहेरून आणल्या आणि नातवाने सुट्टीत फडशा पाडला. कॉर्बेट त्याने आधीच मराठीतून वाचला होता. मग प्रश्न आला, "अज्जा, कुणाची कोवी भारी? अँडरसनची की कॉर्बेटची?"

शिकारीला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ती असावीच. पण त्या कथा नीट समजायच्या तर हा प्रश्न सोडून चालत नाही. फक्त बंदुकीपेक्षा काडतुसाकडे बघायला हवं.

अँडरसनच्या कथांत पॉइंट ४०५ विंचेस्टर भेटते. तिची गोळी दहा मिलिमीटरहून जाड, वजन साधारण १९ ग्रॅम. सराफी हिशेबाने दीड तोळ्याहून जास्तच! कॉर्बेटला १९०७ साली चंपावतच्या वाघिणीबद्दल जी रायफल भेट मिळाली ती पॉइंट २७५ रिग्बी. गोळी सात मिलिमीटरची, वजन ९ ते ११ ग्रॅम, म्हणजे तोळाभरही नाही. नातवाचा निकाल तयार होता: अँडरसन जिंकला.

थांब म्हटलं. जड गोळी जोरात सोडायची तर दारू जास्त लागते, आणि गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते त्याच मानाने बंदूक मागे येते. पॉइंट ४०५ चा धक्का खांदा सुजवणारा म्हणून प्रसिद्धच आहे. सवय नसलेला माणूस असा धक्का दोनदा खाल्ला की तिसऱ्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो. नळी बोटभर हलली की काळजावरची गोळी पोटात जाते. अँडरसनचा हात त्या रायफलीवर बसलेला होता. दुसऱ्याचा बसेलच असं नाही.

बारीक गोळीचं आणखी एक आहे. गोणपाटात दाभण सहज जातं, बत्ता जात नाही. लांबट, सडपातळ गोळी कमी दारूतही खोल शिरते. आफ्रिकेत बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच पॉइंट २७५ ने. (हस्तिदंतासाठी! त्याचं कौतुक मी करत नाही.) हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे त्याने कवट्या कापून अभ्यासलं होतं. त्याच्या गोळ्या पूर्ण धातूच्या कवचाच्या, म्हणजे हाडावर न पसरता आरपार घुसणाऱ्या. वाघ-हरणासाठी उलट, मऊ शिशाच्या टोकाची, आत जाऊन पसरणारी गोळी वापरत. तिथे कवचाची गोळी बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं.

सूनबाई चहा ओतताना आपण "साकु" म्हणतो, तसं काडतुसालाही साकु असतं. जनावर जागच्या जागी पडेल एवढं पुरेसं, आणि मारणाऱ्याचा नेम बिघडणार नाही एवढंच. मला विचाराल तर जाड नळीची हौस ही बरीचशी मिशीला पीळ देण्यासारखी आहे.

आणि साकु न कळण्याची किंमत जनावरच मोजतं असं नाही. चंपावतच्या वाघिणीने, कॉर्बेटने दिलेल्या आकड्यानुसार, ४३६ माणसं मारली. ती पडल्यावर त्याने तिचा जबडा पाहिला. उजवीकडचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे तुटलेले होते, वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. कुणाची तरी जुनी गोळी तिथे लागली होती. त्या दातांनी तिला रानातलं नेहमीचं सावज धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटने लिहून ठेवलं आहे.