मागची थरथर काय सांगते?

महाराष्ट्रात छोट्या मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणतात, तर कोलकात्यात ‘मॅटाडोर’. ही दोन्ही नावे एकाच घरची. पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना असलेल्या बजाज टेम्पो कंपनीने (२००५ साली ती फोर्स मोटर्स झाली) १९६९ मध्ये मॅटाडोर बनवायला सुरुवात केली. ही गाडी तयार व्हायची थांबली त्याला खूप वर्षे झाली, पण नाव काही गेले नाही. सियालदहजवळच्या कोले मार्केटबाहेर पहाटे भाजी उतरवणाऱ्या पिकअपला लोक आजही मॅटाडोरच म्हणतात. मग ती महिंद्राची असो, नाही तर टाटांनी २००५ मध्ये आणलेला ‘छोटा हत्ती’ असो.

ज्या घरात अशी एक गाडी असते, त्या घराचे ते चालते दुकानच असते. बँकेचा हप्ता, मुलांची फी, किराणा सारे तिच्यावर. अशा गाडीच्या मागच्या भागात थरथर सुरू झाली की मालक सहसा दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर ‘चालते आहे ना’ म्हणून महिनोन्महिने तशीच पळवतो, किंवा मिस्त्री सांगेल तो भाग बदलत सुटतो. आधी टायर, मग शॉक ॲब्सॉर्बर, मग जॉइंट. तीनदा पैसे जातात आणि थरथर जागच्या जागी राहते.

खरे तर एकही भाग न बदलता अर्ध्या तासात दोषाचा पुष्कळसा माग काढता येतो. थरथर कधी सुरू होते आणि कधी थांबते, एवढेच नीट टिपायचे असते. हे काम मिस्त्रीपेक्षा रोज गाडी चालवणाराच चांगले करू शकतो.

उडणे वेगळे, थरथरणे वेगळे

पिकअपच्या मागे कमानीसारखे पोलादी पाटे असतात. ते भरलेल्या गाडीचे वजन पेलण्यासाठी बनवलेले असतात. त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यावरून जाताना मागून उडणारच. मागच्या टायरमध्ये पूर्ण मालाच्या हिशेबाने हवा भरलेली असेल तर आणखी उडेल. हा दोष नव्हे. सपाट, गुळगुळीत रस्त्यावरही गाडी थरथरते का, हे पाहावे.

कोलकात्यात पंचाईत अशी, की असा रस्ता आणि त्यावरचा वेग शहरात सहजी मिळत नाही. बडा बाजार, पोस्ता, सियालदह भागात पंचवीस-तीसच्या वर काटा जाणे कठीण. गाडी ठणठणीत आहे असे वाटत राहते. मग एके दिवशी विद्यासागर सेतू ओलांडून कोना एक्सप्रेसवेला लागले की पन्नास-साठच्या वेगाला सीटखालून थरथर जाणवू लागते. ती त्या दिवशी आलेली नसते, फक्त त्या दिवशी कळलेली असते.

पहिली खूण हाताची. स्टीअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढच्या चाकांकडे पाहावे. स्टीअरिंग शांत आणि सीट, फरशी, हौदा हलत असेल तर दोष मागे किंवा गाडीच्या पोटात. हे कळावे म्हणून कुणाला मागे हौद्यात बसवू नये. सोबत्याला शेजारच्या सीटवर बसवले तरी पुरते.

दुसरी खूण थरथरीच्या जातीची आहे, आणि ती समजायला थोडा हिशेब पुरतो. पिकअपच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटरच्या आसपास. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला आठेक फेरे घेते. चाकात दोष असेल तर धक्केही तितकेच, हलके हलके ‘धप-धप’ असे, जवळजवळ मोजता येतील असे. पण गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, चाकापेक्षा साधारण चौपट वेगाने फिरतो. त्याची थरथर सेकंदाला तीसच्या वर, ती मोजता येत नाही. ती भणभणीसारखी येते, आरसा धूसर दिसतो, डॅशबोर्डवरची नाणी नाचतात. छोट्या चाकांच्या गाडीत आकडे थोडे वाढतात, फरक तोच राहतो.

आता वेगाशी संबंध पाहावा. गाडी जागेवर उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावरही तीच थरथर आली तर मागचा भाग निर्दोष. इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची रबरी बैठक तपासावी. उभ्या गाडीत काही होत नसेल, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर थरथरीच्या वेगाला गाडी नेऊन क्षणभर न्यूट्रल करावी. इंजिन मात्र बंद करू नये, कारण ब्रेकला मदत करणारी यंत्रणा इंजिनावर चालते. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर फिरणाऱ्या वस्तूत, म्हणजे चाक, ड्रम किंवा शाफ्टमध्ये असमतोल आहे. ॲक्सिलरेटर सोडताच ती गेली आणि दाबताच परत आली, तर जोर पडल्यावर बोलणारा भाग शोधावा. असा भाग बहुधा शाफ्टचा जॉइंट असतो.

आधी चाक, कारण ते फुकटात होते

पावसाळ्यात हा प्रकार हमखास होतो. ठनठनियासारख्या भागात पाणी साचले की गाड्या चिखलातून जातात. रिमच्या आतल्या बाजूला गाळ बसतो, वाळतो आणि दगडासारखा घट्ट होतो. चाकाचा समतोल बिघडायला छटाकभर वजनही पुरते. चाके आतून धुतल्यावर थरथर गेली, असे पुष्कळदा घडते. त्यासाठी मिस्त्री लागत नाही.

रिम वाकण्याला कोलकात्यात एक खास कारण आहे. या शहरात १८७३ मध्ये घोड्यांची आणि १९०२ पासून विजेची ट्राम धावली. आता बरेच मार्ग बंद झाले, काही ठिकाणी रूळ डांबराखाली गेले. पण जिथे रूळ उघडे आहेत आणि कडेचा रस्ता खचला आहे, तिथे भरलेल्या गाडीचे चाक तिरके उतरले की रिमची कड मुडपते. मागचा एक्सल जॅकवर उचलावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, गाडी पक्क्या स्टँडवर टेकवावी आणि चाक हाताने फिरवून खडूचा तुकडा रिमच्या कडेशी स्थिर धरावा. रिम सरळ असेल तर खडू सगळीकडे सारखा लागेल, वाकलेली असेल तर एकाच जागी. टायरवरही हात फिरवावा. एखादा फुगा, एका बाजूचा चट्टा किंवा वाटीसारखे खळगे हाताला लागतात. खळगे असतील तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी झालेला असू शकतो. मागे रिमोल्ड टायर वापरण्याची पद्धत आहे. त्याचा वरचा थर सुटू लागला की आधी थरथर येते आणि मग थर उडतो.

तरीही शंका असेल तर मागची चाके पुढे आणि पुढची मागे लावावीत. थरथर सीटवरून स्टीअरिंगवर आली तर दोष चाकातच होता. काही गाड्यांत पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात. तिथे हा प्रयोग करू नये.

पंक्चर काढल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर नट सगळ्यात आधी पाहावेत. ते गोल क्रमाने नव्हे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे असतात. थोडे अंतर धावल्यावर पुन्हा एकदा आवळावेत. सैल नटांनी भोके मोठी होतात, बोल्ट तुटतात आणि चाक निघून जाऊ शकते. अशा वेळी ‘माल टाकून येतो, मग बघतो’ हे बोलणे महागात पडते.

शाफ्टची गोष्ट

जुनी मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालणारी होती. तिच्या पोटात मागे जाणारा शाफ्टच नव्हता. त्यामुळे तिच्या मागच्या थरथरीला चाके, ब्रेक आणि पाटे एवढीच कारणे. आजच्या पिकअपचे नाव तेच ठेवले तरी आतली मांडणी निराळी आहे. ती खरे तर जुन्या ॲम्बॅसॅडरच्या जवळची : इंजिन पुढे, शाफ्ट मधून, मागे पाट्यांवर बसलेला एक्सल. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत ॲम्बॅसॅडर बनत होती आणि शहरातल्या पिवळ्या टॅक्सी तीच होती. म्हणून इथल्या जुन्या मिस्त्रींना शाफ्टचे दुखणे नवे नाही.

शाफ्टच्या टोकांना अधिक चिन्हाच्या आकाराचा ‘क्रॉस’ असतो. तोच युनिव्हर्सल जॉइंट. गाडी खालीवर होताना शाफ्ट तिरका होतो आणि क्रॉसमुळे तो तिरपा असूनही फिरत राहतो. पण यात एक मेख आहे. तिरप्या शाफ्टमध्ये एका क्रॉसपुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चढ-उतार भरून काढतो, मात्र दोन्ही टोकांची बेचकी, ज्यांना गॅरेजमध्ये योक म्हणतात, एका रेषेत असतील तरच. शाफ्ट मधून सुटा करून जोडताना ती एका खाचेनेही चुकली, तर नवा क्रॉस घालूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. म्हणून शाफ्ट काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर रंगाची एक रेघ ओढायला सांगावे. मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावे असे हे काम आहे.

क्रॉस तपासायला गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून, चाकांना पुढून-मागून दगड लावून, गिअर न्यूट्रल करून शाफ्ट हाताने मागे-पुढे पिळावा. क्रॉसपाशी ‘कट’ आवाज आला किंवा गंजाची लालसर भुकटी दिसली तर तो गेला. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग असते. रबर फाटले की गाडी उचलताना मधोमध धडधड होते. क्लचमुळेही उचलताना गाडी थडथडते, पण पाय पूर्ण सोडल्यावर ती थांबते. सेंटर बेअरिंगची धडधड त्यानंतरही काही क्षण टिकते.

पैसे वाचवायला पुष्कळजण मल्लिक बाजारात जातात. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळण्याचे ते शहरातले जुने ठिकाण. तिथून जुना शाफ्ट घ्यायला हरकत नाही, मात्र तो कुठे चेपलेला नसावा आणि बसवण्याआधी बॅलन्स करून घ्यावा. शाफ्टवर वेल्ड केलेली पोलादाची छोटी पट्टी दिसली तर तो कचरा समजून खरवडू नये. समतोलासाठीच ती लावलेली असते.

क्रॉस गेलेला असताना गाडी पळवत राहण्यात मोठा धोका आहे. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे पुढचे टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकते आणि भरधाव गाडी मागून उचलली जाते.

मालाचे वजन आणि पाटे

रिकामी गाडी ठीक आणि भरली की थरथर, किंवा उलट, असे असेल तर पाट्यांकडे वळावे. कारण वजनाने एक्सल वर-खाली होतो आणि शाफ्टचा तिरपेपणा बदलतो. जास्त माल नेता यावा म्हणून एक-दोन पाटे वाढवून घेण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. मागचा भाग उंच होतो, शाफ्टचा कोन बिघडतो, आणि रिकामी गाडी थरथरू लागते. नंतर क्रॉस पुन्हा पुन्हा जातो आणि दोष मात्र क्रॉस विकणाऱ्याला दिला जातो.

पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाले तर एक्सल जागेवरून सरकतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर दोन्ही बाजूंनी सुतळीने मोजावे. फरक दिसला की गाडी तिथेच थांबवावी.

फक्त ब्रेक लावतानाच मागून हिसके येत असतील तर ब्रेकचा ड्रम वाटोळा राहिलेला नसेल. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर तीसच्या वेगाला, हँडब्रेकचा खटका दाबून धरून दांडा हळूच ओढावा. हँडब्रेक बहुतेक पिकअपमध्ये मागच्याच ड्रमवर चालतो. तेच हिसके आले तर ड्रम लेथवर घासून घ्यावा लागेल.

आणि थरथरीसोबत एकसारखा घूं-घूं आवाज येत असेल, वळणावर तो कमी-जास्त होत असेल, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. वळणाने फरक पडत नसेल तर डिफरन्शियल. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर आधी त्याचे तेल बघावे. गरम झालेला डिफरन्शियल एकदम पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि फाटक्या सीलमधून किंवा वरच्या हवेच्या नळीतून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर त्याच दिवशी बदलावे. त्याचा खर्च दातेरी चक्रांच्या नव्या जोडीपुढे काहीच नाही, आणि ते काम पहाटेची फेरी टाकून आल्यावर दुपारपर्यंत उरकते.