आधी ओळख, मग फवारणी

शुगर लँडला परसात काही चावले की लगेच फवारणीवाल्याला बोलावतात. मला हे पटत नाही. सरसकट फवारणीने मधमाश्याही मरतात. आधी चावले कोणी ते ओळखावे.

मोज्याच्या किंवा कमरपट्ट्याच्या कडेने लाल पुरळ आले, खाज काही तासांनी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी वाढली, तर ते चिगर: गवतातली जेमतेम दिसणारी लाल पिल्ले. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पुटकुळ्या आल्या तर लाल आग्या मुंग्या. पुटकुळी फोडू नये.

चिगर कातडीत शिरत नाही, म्हणून वर नेलपॉलिश लावणे व्यर्थ. घरात येताच साबणाने अंग घासून धुवावे, कपडे गरम पाण्यात टाकावेत. गवत आखूड ठेवावे. सुक्का बांधण्याआधी तर कापावेच.

इथले चिगर सहसा रोग देत नाहीत. आपल्याकडचे मात्र स्क्रब टायफस देतात. २०१८ साली नागपूर-विदर्भात त्याची साथ होती. पावसाळ्यात तिकडे जाऊन आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर अंगावर काळी खपली शोधा आणि प्रवासाचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. इथल्या डॉक्टरांना हा आजार चटकन सुचेलच असे नाही. डॉक्सीसायक्लिन वेळेत मिळाले तर माणूस बरा होतो.