सुईआधी शुश्रूषा

वजन कमी करणारी इंजेक्शने आता भारतात रुळू लागली आहेत. मार्च २०२५मध्ये टिरझेपटाइडचे ‘मौंजारो’ आले, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे ‘वेगोवी’. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची येथील मुदत मार्च २०२६पर्यंतचीच असल्याने स्वस्त पर्यायांची वाटही मोकळी झाली. स्थूलता आणि मधुमेहाने गांजलेल्यांना या औषधांचा खरोखर गुण येतो, हे आधीच मान्य करायला हवे. पण आठवड्याला एक सुई टोचली की उपचार झाला, असे नाही. डोस कसा मोजायचा, उलट्या थांबेनात तर कोणाला गाठायचे, हे सांगणारे माणूस हवे. परिचारिका ते काम करू शकते. मात्र या उपचारात तिला अधिकृत जागाच दिलेली नाही.

डोसचेच पाहा. इन्सुलिनच्या नेहमीच्या सिरिंजवर मिलिलिटरला १०० युनिटच्या खुणा असतात. कुपीत मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड असेल, तर ०.२५ मिलिग्रॅमचा सुरुवातीचा डोस अवघ्या ५ युनिटांत बसतो. ‘०.२५’ वाचून कोणी २५च्या खुणेपर्यंत औषध ओढले, की पाचपट डोस अंगात गेला. फार्मसीत तयार केलेल्या सेमाग्लुटाइडबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने जुलै २०२४मध्ये इशारा दिला. त्यात अशा घोटाळ्यांतून पाच ते वीसपट औषध घेतले गेल्याची नोंद आहे. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. तोवर रुग्णाला मळमळ, उलट्या, पाणी कमी होणे सोसावे लागते.

दुसरा धोका शस्त्रक्रियेच्या वेळी. या औषधांमुळे जठर सावकाश रिकामे होते. रात्रभर उपाशी असलेल्या रुग्णाच्या पोटातही अन्न उरलेले असू शकते आणि भूल दिल्यावर ते श्वसनमार्गात शिरू शकते. म्हणून ‘सकाळपासून काही खाल्लं का?’ या प्रश्नावर आता भागणार नाही. ‘वजनाचं इंजेक्शन घेता का? शेवटचं कधी घेतलं?’ हे विचारून केसपेपरवर लिहिले पाहिजे आणि भूलतज्ज्ञांच्या कानावर घातले पाहिजे. डॉक्टरांपुढे संकोचणारा रुग्ण सिस्टरपाशी मोकळा होतो, हा प्रत्येक वॉर्डातला अनुभव आहे.

वृद्धांच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. चरबीबरोबर स्नायूही झडतात, तोल जातो. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, तर जेवण घटताच साखर धोकादायक खाली येऊ शकते. पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी स्वादुपिंडाच्या दाहाची खूण असू शकते. ती ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडून देता येत नाही.

त्यामुळे तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. ही इंजेक्शने लिहून देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी प्रशिक्षित परिचारिकेने पहिला डोस समोर घ्यायला लावावा आणि दर डोसवाढीपूर्वी विचारपूस करावी. महाराष्ट्र परिचर्या परिषदेने परिचारिकांसाठी या औषधांचे खास प्रशिक्षण सुरू करावे. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीविना होणारी विक्री कठोरपणे रोखावी. अर्थात, परिचारिकांची रिक्त पदे भरल्याशिवाय हे सारे कागदावरच राहील. एकाच सिस्टरवर अख्खा वॉर्ड सोपवून तिच्याकडून बारकाईच्या चौकशीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. औषधावर हजारो रुपये खर्च होत असताना शुश्रूषेसाठी मात्र हात आखडता घेतला, तर त्याची किंमत रुग्णच मोजतील. सरकारने आणि खासगी रुग्णालयांनी ती वेळ येऊ देऊ नये.