चार कलमं, एक संडास

जून 2020. जळगावचं सिव्हिल. कोरोनाच्या वॉर्डातली 82 वर्षांची म्हातारी 2 तारखेपासून बेपत्ता. 10 तारखेला सापडली. कुठं? दवाखान्याच्याच संडासात. मेलेली.

आठ दिवस ते दार कुणी उघडून बघितलं नाही. मग अधिष्ठात्यासकट काही डॉक्टर निलंबित झाले. आम्ही विचारतो, त्या म्हातारीचा हक्क साथीच्या कायद्यात कुठं लिहिला होता?

लिहिलेलाच नाही भो! 1897 चा साथरोग कायदा काढा, वाचा. गोऱ्या सायबानं प्लेगात केलेला. मूळची कलमं चारच. सरकारला गरज वाटंल ते उपाय सरकार करील. हुकूम मोडील त्याला शिक्षा. आणि शेवटी, सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल कुणावर दावा चालणार नाही. रोग्याला खाट, पाणी, औषध मिळालंच पाहिजे, अशी एक ओळ नाही. 2020 साली दुरुस्ती झाली. डॉक्टर-नर्सवर हात टाकणाऱ्याला तुरुंग. ठीकच झालं. पण रोग्याला वाऱ्यावर सोडणाऱ्याचं काय? तिथं कायदा मुका.

हुकमाला मात्र जीभ होती. 24 मार्च 2020, रात्री 8 वाजता सांगितलं, 12 वाजता देश बंद. चार तास! रोजंदारीवाल्यानं चार तासांत कुठं जावं? धुळे-शिरपूरच्या रस्त्यानं माणसं लेकरं खांद्यावर घेऊन चालली. जालन्याचे मजूर भुसावळला गाडी धरायला रुळावरून निघाले. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ 16 जण मालगाडीखाली गेले. रुळावर भाकऱ्या तेवढ्या उरल्या. ही कुणाची सद्भावना?

हा कायदा झाला त्याच 1897 साली सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. 10 मार्चला त्याच रोगानं त्या गेल्या. सरकारनं हुकूम दिला, माउलीनं पाठ दिली. आपण वारसा हुकमाचा चालवला.

जगण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमात आहे. साथ आली की तो गुंडाळून ठेवायचा नसतो, तेव्हाच तर तो लागतो. म्हणून दया नको. रोग्याचं कलम पाहिजे. रोज खाटा मोजा, माणसं मोजा, संडासाचं दार उघडून बघा. चुकलात तर नुसतं निलंबन नाही, शिक्षा.

पुढची साथ यायच्या आधी लिहा. नंतर आम्ही मढी मोजणार नाही, जाब विचारणार आहोत.